हुरड्याच्या शेतावर मुक्काम

जानेवारीत शाळेला जोडून सुट्टी आली आणि मुलांना घेऊन आम्ही वेरूळच्या वाटेवरच्या एका शेतावर राहायला गेलो. २०२० साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. अशा शेतांची आता सरकारदरबारी नोंदणीही होते.

गोवऱ्यांची आगटी, तिच्यात खुपसलेली ज्वारीची कोवळी कणसं आणि तळहातावर चोळून काढलेला हिरवागार हुरडा! सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. वर पाणी नको, ताकच प्यावं, असं तिथल्या आजींनी बजावलं. हा थाट फेब्रुवारीपर्यंतच बरं का. दाणा टणक झाला की संपलं. रात्री थंडी चांगलीच पडते, शाली न्या.

पहाटे पाहते तो घरच्या वहिनी चुलीपुढे भाकऱ्या थापताहेत. मी आले आरामाला, आणि माझ्यासाठी दुसरी बाई चारला उठलेली! ओशाळून मी परात ओढली.

“राहू द्या ताई,” त्या हसल्या. “ज्वारीचे पैसे मालकांच्या हाती जातात. मुक्कामाचे मात्र माझ्या खात्यात. लेकीची फी त्यातूनच भरली.”

मला माझा अर्धवेळ नोकरीचा पहिला पगार आठवला. माझी भाकरी तव्यावर फाटली, ती गोष्ट वेगळी!

निघताना यांनी दरात घासाघीस सुरू केली. मी सरळ पाकीटच काढून घेतलं.