ऑपरेशन थिएटरची हवा

आपल्या समाजातील कितीतरी वडीलधाऱ्यांची गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया होते. ऑपरेशनच्या खोलीचे दार सारखे बंद का ठेवतात, असे ते आपल्याला विचारतात. उत्तर तिथल्या हवेत आहे.

माणसाच्या त्वचेचे सूक्ष्म कण सतत गळतात आणि त्यांच्याबरोबर जंतूही उडतात. म्हणून छतातून गाळलेली हवा सोडतात. ती साधारणपणे तासाला 20 वेळा बदलते. आतला दाब बाहेरपेक्षा थोडा जास्त असतो, म्हणून बाहेरची हवा आत शिरत नाही. दार उघडले की हा दाब उतरतो.

1982 साली ब्रिटिश संशोधकांनी सांधेबदलाच्या 8,000हून अधिक शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साध्या हवेत 1.5 टक्के सांध्यांत खोलवर जंतुसंसर्ग झाला, अतिशुद्ध हवेत 0.6 टक्के. मात्र पुढच्या अभ्यासांत हा फायदा टिकला नाही, आणि 2016 साली जागतिक आरोग्य संघटनेने सांधेबदलासाठी अशी खास झोतयंत्रणा वापरू नये असे सुचवले. नेहमीची चांगली वायुवीजन व्यवस्था आणि वेळेवर दिलेले अँटिबायोटिक, यांवर भर हवा.

शरीर थंड पडले तरी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तेव्हा बेत खोलीममध्ये थंडी वाजली तर संकोच न करता पांघरूण मागावे. आणि बाहेर थांबलेल्या आपण, खुशाली विचारायला ते दार उघडायला लावू नये.