सळई वाकली की पिळली? ‘बेंड’ आणि ‘ट्विस्ट’ नीट वापरूया

आजचा भाग जरा लोखंडी आहे. कारण आजचा प्रश्न आलाय कळंबोलीच्या लोखंड बाजारातून.

आपले एक श्रोते तिथल्या एका पेढीवर काम करतात. माल पाठवणं, पार्टीला मेल टाकणं, बिलं बघणं, हे सगळं त्यांच्याकडे. त्यांच्याकडून एका साइटवर सळया गेल्या. ट्रेलरमध्ये वरचे बंडल दाबले गेले आणि काही सळया वाकल्या. यांनी प्रामाणिकपणे आधीच मेल केला : ‘सम बार्स आर ट्विस्टेड.’ तासाभरात तिकडून फोन. ‘आम्ही टीएमटी मागवला होता, तुम्ही ट्विस्टेड बार कसा पाठवला? माल उतरवून घेणार नाही.’ गाडी गेटबाहेर उभी, ड्रायव्हर वैतागलेला, भाडं चढतंय. आणि यांना कळेना की आपण चुकीचं काय लिहिलं!

तर झालं काय, ते बघू.

आपल्या बांधकामात पूर्वी ज्या सळया चालायच्या त्यांना टॉर म्हणायचे. सळई थंड असतानाच तिला पीळ द्यायचा, त्यामुळे ताकद वाढायची. इंग्रजीत त्यांचं नावच ‘कोल्ड ट्विस्टेड डिफॉर्म्ड बार’. पुढे टीएमटी आली. ती पिळत नाहीत. गरम सळई पाण्याच्या फवाऱ्याने एकदम थंड करतात, त्यामुळे बाहेरचा थर कडक आणि आतला गाभा लवचिक राहतो. म्हणजे या धंद्यात ‘ट्विस्टेड बार’ ही जुन्या मालाची जात झाली. साइटवाल्याने तोच अर्थ घेतला. त्याचं चुकलं नाही, आणि आपल्या श्रोत्याची नियतही वाईट नव्हती. शब्द चुकला, एवढंच.

आता फरक लक्षात ठेवायची सोपी खूण सांगतो. ओला टॉवेल दोन्ही हातांत धरा आणि पाणी काढायला पिळा. एक हात इकडे फिरतो, दुसरा तिकडे. हा ‘ट्विस्ट’. गंमत म्हणजे हा शब्द इंग्रजीतल्या ‘टू’ म्हणजे दोन या शब्दाच्याच कुळातला आहे. दोन पदर एकमेकांत पिळून दोरी होते, ते डोळ्यासमोर आणा. आपल्याकडे सुंभ जळला तरी ज्याचं काही बिघडत नाही, तो पीळ म्हणजे हाच. आता प्लास्टिकची पट्टी घ्या आणि दोन्ही टोकं जवळ आणा. पट्टीला बाक आला, पीळ पडला नाही. हा ‘बेंड’. धनुष्याला दोरी चढवताना ते वाकवावं लागतं ना, जुन्या इंग्रजीत ‘बेंड’चा अर्थ तोच होता.

थोडक्यात : बाक आला तर बेंड, पीळ पडला तर ट्विस्ट.

आता वाक्यात वापरताना आपण हमखास कुठे घसरतो, त्या तीन जागा.

पहिली जागा. आपण मराठीत बोलतो, ‘सळई बेंड आहे’. मग इंग्रजीत लिहितो, ‘द बार इज बेंड’. चूक! बेंड ही क्रिया झाली. वाकलेली अवस्था सांगायची तर ‘बेंट’. ‘द बार इज बेंट.’ रूपं अशी : बेंड, बेंट, बेंट. आणि ट्विस्ट, ट्विस्टेड, ट्विस्टेड. गाडीत असताना आपोआप वाकली असं सांगायचं असेल तर ‘द बार गॉट बेंट इन ट्रान्सिट.’ मेलसाठी हे वाक्य पाठच करून ठेवा.

दुसरी जागा. मराठीत आपोआप झालं की ‘वाकली’, कुणी केलं की ‘वाकवली’. क्रियापदच बदलतं. इंग्रजीत ते तेच राहतं. ‘द बार बेंट’ म्हणजे सळई वाकली. ‘द फिटर बेंट द बार’ म्हणजे फिटरने सळई वाकवली. कोण केलं ते शब्दाच्या जागेवरून कळतं, म्हणून इंग्रजीत कर्ता गाळू नका. साइटवर ‘बार बेंडिंग शेड्यूल’ असतं, तिथे वाकवणं हे ठरवून केलेलं काम आहे. सळईची ‘बेंड टेस्ट’ही असते : सळई ठरलेल्या जाडीच्या दांड्याभोवती वाकवायची आणि बाहेरून तडा जातो का ते बघायचं. ‘रीबेंड टेस्ट’मध्ये वाकवून उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवतात, थंड झाली की थोडी उलटी सरळ करतात. म्हणजे बेंड झाली की माल वाया गेला, असंही नाही. कशी, कुठे आणि कुणी वाकवली, ते महत्त्वाचं.

तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची, कारण इथे माणसाचा प्रश्न आहे. माल उतरवताना माथाडी कामगाराचा पाय मुरगळला. मराठीत कर्ता आहे पाय. ‘माझा पाय मुरगळला.’ यात माझा काय दोष? इंग्रजीत मात्र ‘आय ट्विस्टेड माय अँकल’ असंच म्हणतात. आपल्याला वाटतं, ‘आय’ म्हटलं म्हणजे मी मुद्दाम केलं असं होईल. तसं होत नाही. शरीराच्या दुखापतीत इंग्रजीची ही रीतच आहे. उलट ‘माय लेग इज बेंट’ असं अपघाताच्या अर्जात लिहिलंत, तर वाचणाऱ्याला वाटेल की पाय वाकडा झालाय किंवा गुडघ्यात दुमडलाय. अर्ज परत येईल, आणि रजा नि भरपाई लांबेल. म्हणून लिहा : ‘आय ट्विस्टेड माय अँकल व्हाइल अनलोडिंग स्टील बार्स.’ डॉक्टरांनी तपासून लिहिलं असेल तर ‘स्प्रेन’ वापरा. ट्विस्ट म्हणजे काय घडलं, स्प्रेन म्हणजे त्यातून काय दुखापत झाली. आणि डॉक्टरांनी ‘कॅन यू बेंड युअर नी?’ विचारलं, तर ते गुडघा वाकवता येतो का विचारताहेत.

जाता जाता रस्त्याचं. कळंबोलीहून एक्स्प्रेसवेला लागलात की पुढे बोरघाट येतो. तिथे रस्त्याला वळण असतं ते ‘बेंड’, आपण गाडी दुसऱ्या रस्त्याला वळवतो तो ‘टर्न’. म्हणून ड्रायव्हरला ‘बेंड लेफ्ट’ सांगू नका, ‘टर्न लेफ्ट’ सांगा. आणि कुणी तुमच्या बोलण्याचा भलताच अर्थ लावला तर ‘ही ट्विस्टेड माय वर्ड्स’. कुणी नियमाला बगल दिली तर ‘ही बेंट द रूल्स’.

आपल्या श्रोत्याने मग दुसरा मेल टाकला : ‘दीज आर टीएमटी बार्स. सम ऑफ देम गॉट बेंट इन ट्रान्सिट.’ सोबत फोटो आणि टेस्ट सर्टिफिकेट. संध्याकाळी गाडी आत गेली. वाकलेल्या सळया बाजूला काढल्या, बाकीचा माल उतरला.

आता तुमचा गृहपाठ. तीन वाक्यं इंग्रजीत करा : खिळा वाकला. मी वायर पिळली. तिचा हात मुरगळला. जमलं तर मोठ्याने म्हणून बघा, नुसतं वहीत लिहून तोंड वळत नाही.

भेटूया पुढच्या भागात. तोवर सांभाळून, विशेषतः माल उतरवताना!