आंबेडकरी जलसा : कला आणि प्रतिकार

कला राजकारणापासून अलिप्त असावी, प्रचारासाठी राबविलेली कला ही कला उरत नाही, असा एक विचार आपल्याकडे वारंवार मांडला जातो. दुसरीकडे चळवळीतील काही कार्यकर्ते गाण्याकडे केवळ सभेपूर्वी गर्दी जमविण्याचे साधन म्हणून पाहतात. आमच्या मते हे दोन्ही दृष्टिकोन अपुरे आहेत. गीताचे शब्द प्रतिकार करतातच. परंतु कोणी गायचे, कोणासाठी गायचे आणि कोणत्या मानाने गायचे, हे ज्या दिवशी बदलते, त्या दिवशी खरा प्रतिकार सुरू होतो. आंबेडकरी जलशाचा इतिहास याची साक्ष देतो.

महाड सत्याग्रहाच्या काळातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. तमाशाच्या क्षेत्रात त्या वेळी गाजत असलेले पठ्ठे बापूराव, म्हणजे मूळचे श्रीधर कुलकर्णी, यांनी आपल्या खेळांचे उत्पन्न सत्याग्रहाच्या निधीस देऊ केले. बाबासाहेबांनी ते नाकारले. बापूरावांच्या फडात पवळा ही महार समाजातील कलावंत नाचत असे. आपल्या समाजातील स्त्रीला नाचवून मिळालेला पैसा समाजाच्याच स्वाभिमानाच्या लढ्यासाठी घेणे बाबासाहेबांना मान्य नव्हते. त्याच बाबासाहेबांनी पुढे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या जलशांना मनःपूर्वक दाद दिली. ढोलकी तीच, तुणतुणे तेच, सोंगाड्याही तोच. मग एकाचा अव्हेर आणि दुसऱ्याचा स्वीकार का?

याचे उत्तर जातिव्यवस्थेत सापडते. तमाशा प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी या समाजांतील कलावंतांनी जगविला. गावाने त्यांच्या कलेवर दौलतजादा उधळला. परंतु खेळ संपल्यावर त्याच कलावंताचा स्पर्श गावाला चालत नसे. म्हणजे कला होती, कौतुकही होते. माणूस म्हणून मान मात्र नव्हता. दुसऱ्याच्या करमणुकीसाठी राबणे हे जातीने नेमून दिलेले आणखी एक काम होऊन बसले होते. बाबासाहेबांचा विरोध या दास्याला होता, असे आम्हांस वाटते.

जलशाने हे दास्य नाकारले. त्याची पूर्वपीठिका महात्मा जोतीराव फुले यांच्या कार्यात आहे. 1855 मध्ये त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. 1873 मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि त्या परंपरेतून सत्यशोधक जलसे उभे राहिले. 1930 च्या दशकात आंबेडकरी जलशांनी हा वारसा पुढे नेला. तमाशाची रचना गण, गौळण, बतावणी आणि वग अशी असे. जलसाकारांनी हा साचा मोडून टाकला नाही. त्याचे एकेक अंग घेऊन त्याचा आशय पालटला. गणातील देवतास्तवनाच्या जागी समाजाच्या मुक्तिदात्यांना वंदन आले. गौळणींची वाट अडविणारा कृष्ण मागे पडला. बतावणीतील सोंगाड्या आता भोळ्या प्रश्नांनी कर्मकांडाचे आणि सावकारीचे पितळ उघडे पाडू लागला. वगातील राजेरजवाड्यांच्या कथांची जागा पाणवठा, मंदिरप्रवेश, शिक्षण आणि व्यसनमुक्ती या विषयांनी घेतली. अक्षर न ओळखणाऱ्या श्रोत्यांपर्यंत वृत्तपत्रातील विचार पोहोचला तो या मार्गाने. श्रोता हसत होता, पण आता तो स्वतःवर लादलेल्या गुलामीला हसत होता.

धम्माच्या दृष्टीने येथे एक शंका उपस्थित होऊ शकते. नृत्य, गीत, वाद्य यांपासून विरत राहण्याचे शील धम्मात सांगितले आहे. मग जलशाचे समर्थन कसे करावे? हे शील श्रामणेरांसाठी आणि उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणाऱ्या उपासकांसाठी आहे. उपासकाच्या नित्य पंचशीलात त्याचा समावेश नाही. शिवाय थेरीगाथेतील पुण्णिका आपण विसरता कामा नये. पाणी वाहणाऱ्या या दासीने थंडीत कुडकुडत स्नान करणाऱ्या ब्राह्मणाला विचारले की, पाण्याने पाप धुतले जात असेल, तर बेडूक आणि कासवे आधीच स्वर्गाला गेली नसती काय? या प्रश्नात शिवी नाही, द्वेष नाही. आहे तो उपरोध आणि तर्क. सोंगाड्याचा प्रश्न याच कुळातला आहे.

1956 च्या धम्मदीक्षेनंतर जलशाचा वारसा भीमगीतांनी आणि बुद्धगीतांनी चालविला. मुंबईत कामगार म्हणून राबताना मोठेपणी अक्षरओळख करून घेतलेल्या वामनदादा कर्डक (1922–2004) यांनी हजारो गीते रचली आणि खेडोपाडी जाऊन ती गायिली.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्त्रीचे नाचविले जाणे थांबविताना जलशाच्या मंचावर प्रामुख्याने पुरुषच उभे राहिले. पवळेसारखीची कला अपमानातून सोडवून सन्मानाने मांडण्याचे काम तेव्हा अपुरे राहिले. आज एकतारी घेऊन भीमगीते गाणाऱ्या कडूबाई खरात यांच्यासारख्या गायिका स्वतःच्या आवाजात आणि स्वतःच्या मानाने गातात, तेव्हा ती उणीव भरून निघू लागली आहे, असे म्हणता येईल.

जयंतीच्या मंडपात आता ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात आणि चित्रपटाच्या चालीवर रचलेली गीते रात्रभर वाजतात. चालीला आमचा आक्षेप नाही; जलशानेही लोकांच्या ओठांवरील चाली घेतल्या होत्या. परंतु आवाजात शब्दच ऐकू येईनासे झाले, तर श्रोत्याच्या मनात प्रश्न कोठून निर्माण होणार? आपल्या विहारातून, वस्तीतून एखादे कलापथक उभे करावे, त्यात मुलामुलींना समान स्थान द्यावे आणि आजच्या अन्यायावर नवी बतावणी त्यांच्याकडून लिहून घ्यावी. ती पाहून घरी जाणाऱ्या माणसाच्या मनात एक जरी प्रश्न जागा राहिला, तरी जलसा आपले काम करीत आहे असे समजावे.