छत्रीधाऱ्यांची टिकटिकी

‘द लाँगेस्ट डे’ हा १९६२चा चित्रपट पाहिलेल्याला एक प्रसंग हमखास आठवतो. नॉर्मंडीच्या अंधारात एक अमेरिकी छत्रीधारी सैनिक हातातले ‘क्रिकेट’ एकदा वाजवतो. पलीकडून दोन टिकटिक ऐकू येतात. आपलाच माणूस समजून तो पुढे होतो आणि गोळी खातो, कारण तो आवाज जर्मन रायफलच्या बोल्टचा असतो. प्रसंग इतका चटका लावणारा आहे की पुढे तो इतिहास म्हणूनच सांगितला जाऊ लागला.

‘क्रिकेट’ मात्र खरे होते. जत्रेत मिळणाऱ्या पत्र्याच्या बेडकाच्या जातीचे हे यंत्र: पितळेची छोटी डबी आणि तिच्यात पोलादाची लवचीक पट्टी. बर्मिंगहॅमच्या जे. हडसन या शिट्ट्या बनवणाऱ्या कंपनीने, म्हणजे ‘ॲक्मे’वाल्यांनी, त्याचे सुमारे ७,००० नग अमेरिकेच्या १०१व्या हवाई डिव्हिजनसाठी बनवले. एकदा वाजवले की ‘कोण आहे?’ आणि उत्तरादाखल दोनदा. सगळी भाषा एवढीच.

गरज कशी पडली, हे सिसिलीकडे पाहिले की कळते. जुलै १९४३मध्ये तिथे उतरताना अमेरिकेच्याच ८२व्या हवाई डिव्हिजनचे सैनिक वाऱ्याने आणि गोंधळाने दूरदूर विखुरले. त्या डिव्हिजनच्या तोफखान्याचे प्रमुख होते मॅक्सवेल टेलर, आणि १९४४च्या मार्चमध्ये १०१व्या डिव्हिजनची सूत्रे त्यांच्याकडेच आली. नॉर्मंडीवरील चढाईच्या दिवशी, ६ जूनच्या पहाटेपूर्वी, ढग आणि विमानविरोधी मारा यांमुळे पुन्हा तीच पांगापांग झाली. खुद्द टेलर एका कुरणात, गाईंच्या घोळक्यात एकटेच उतरले. पहिला सोबती भेटला तो या टिकटिकीच्या खुणेवर, आणि जनरलसाहेबांनी त्या सैनिकाला चक्क मिठी मारली.

चित्रपटाने केलेली पहिली गफलत इथेच दिसते. पडद्यावर जॉन वेन ही युक्ती समजावून सांगतो, पण तो साकारतो ८२व्या डिव्हिजनचा अधिकारी व्हँडरव्हूर्ट. त्या डिव्हिजनची मदार मुख्यतः परवलीच्या शब्दांवर होती. ‘फ्लॅश’ म्हटले की ‘थंडर’ हे उत्तर. जर्मन जिभेला इंग्रजीतला ‘थ’ जड जातो, म्हणून हा शब्द सोयीचा. टिकटिकी प्रामुख्याने १०१व्या डिव्हिजनची. नायक एका डिव्हिजनचा आणि साधन दुसरीचे, पण पडद्यावर ते खपून गेले.

दुसरी गोष्ट बोल्टची, आणि तिचा निकाल यंत्रच लावते. पट्टी दाबली की ‘टिक’ होते, बोट सोडले की ती मूळ जागी येताना ‘टॅक’ होते. म्हणजे एका दाबात दोन आवाज, आणि उत्तराच्या दोन दाबांत चार. माउझर रायफलचा बोल्ट मागे ओढून पुढे ढकलला की ठळक खटके दोनच होतात, तेही जडसर. तो आवाज कशाशी जुळत असेल तर एकेरी हाकेशी, दुहेरी उत्तराशी नव्हे. शिवाय गस्तीवरच्या सैनिकाच्या रायफलीत काडतूस बहुधा आधीच चढवलेले असते. शत्रू समोर आल्यावर बोल्ट खटखटवत बसण्याचे त्याला काय कारण? भेदरलेल्या कानांनी काहीही ऐकले असेल, हे मान्य. पण तो प्रसंग पटकथेचा वाटतो, रणांगणाचा नाही.

या साधनाचे खरे आयुष्य फार छोटे. विखुरलेली माणसे एकत्र येईपर्यंतच त्याचा उपयोग. उजाडल्यावर माणूस दिसू लागतो, आणि शत्रूच्या हाती एखादे पडले की खूणच फुटते. म्हणूनच कंपनीच्या सांगण्यानुसार ते पहिल्या २४ तासांपुरतेच वापरायचे होते. साहजिकच बहुतेक डब्या हरवल्या. २०१९मध्ये, नॉर्मंडीच्या चढाईच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने, कंपनीने मूळ नग शोधण्याचे जाहीर आवाहन केले. आज कंपनी स्वतःच त्याच्या प्रतिकृती विकते, आणि इतरांच्या नकलाही बाजारात भरपूर आहेत. तेव्हा कुणी ‘आजोबांनी नॉर्मंडीत वाजवलेले’ म्हणून एखादे विकायला काढले, तर आधी आजोबा कोणत्या डिव्हिजनमध्ये होते ते विचारा.