लशीला अंड्याचं कवच

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. लस शोधून झाली, कारखान्यात तयारही झाली. मग बाळापर्यंत पोहोचण्याआधी ती वाया का जाते?

याचं एक मोठं कारण म्हणजे उष्णता. बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. कारखान्यापासून आरोग्यसेविकेच्या आइसपॅकच्या डब्यापर्यंत ही शीतसाखळी सांभाळावी लागते. दुबळ्या केलेल्या जिवंत विषाणूंच्या लशी तर फारच नाजूक. ऊब लागली की विषाणूच्या अंगावरच्या प्रथिनांच्या घड्या उसवतात आणि लस निकामी होते. तिच्या रंगरूपावरून ते ओळखता येत नाही. म्हणजे टोचून घेतलेलं मूलही असुरक्षितच राहू शकतं.

आता अंडं आठवा. आतला ऐवज मऊ, बाहेर खनिजाचं कवच. विषाणूला असं कवच निसर्गानं दिलेलं नाही. पण आपण दिलं तर?

चीनमधल्या चेच्यांग विद्यापीठातल्या रुइकांग तांग यांच्या गटानं हेच केलं. २०१२ मध्ये त्यांनी जपानी मेंदूज्वराच्या लशीवर कॅल्शियम फॉस्फेटचं, म्हणजे आपल्या हाडांत असतं तशा खनिजाचं, कवच चढवलं. २०१३ मध्ये ते आणखी पुढे गेले. लहान मुलांमध्ये हात-पाय-तोंडाचा आजार घडवणाऱ्या ईव्ही७१ विषाणूच्या जनुकांत त्यांनी असा बदल केला, की त्याच्या पृष्ठभागावर खनिज ओढून घेणारी छोटी पेप्टाइडं तयार व्हावीत. मग विषाणू स्वतःच कवच जमवू लागला! ही लस २६ अंशांवर नऊ दिवसांहून जास्त आणि ३७ अंशांवर सुमारे आठवडाभर टिकली.

तुम्ही विचाराल, कवचात बंद विषाणू शरीरात काम कसं करणार? खरी गंमत इथेच आहे. कॅल्शियम फॉस्फेट आम्लात विरघळतं. पेशी विषाणूला गिळते तेव्हा तो आधी एका आम्लधर्मी पिशवीत जातो. तिथे कवच विरघळतं आणि विषाणू मोकळा होतो. बाहेर टिकायचं, आत सुटायचं: दोन्ही कामं एकच खनिज करतं.

अर्थात, हे यश प्रयोगशाळेतलं आणि उंदरांवरचं आहे. विषाणूचं जनुक बदललं की त्याच्या सुरक्षिततेची तपासणी नव्यानं करावी लागते, आणि प्रत्येक विषाणूसाठी वेगळी.

पण उष्णता सोसणाऱ्या लशीचं मोल आपल्याला माहीत आहे. पुण्यात बनलेली मेनॅफ्रिव्हॅक ही लस जिवाणूविरुद्धची, तिला असलं कवचही नाही. तरी ती ४० अंशांपर्यंत चार दिवस फ्रिजबाहेर ठेवायला मान्यता मिळाली आणि २०१२ मध्ये आफ्रिकेतल्या बेनिनमध्ये ती बर्फाविना दूरच्या गावांत नेता आली. विषाणूंच्या लशींनाही ही मोकळीक मिळावी, यासाठी ही कवचाची खटपट आहे.