बोलू चालतो तेव्हाच बोलतो

छत्तीसगडमधल्या भिलाईच्या जुनवानी भागातून निघालं, दुर्ग ओलांडलं आणि नागपूरच्या दिशेने लागलं की तासाभराच्या आत राजनांदगाव येतं. मुंबई-हावडा लाइनवरून प्रवास करणाऱ्या मराठी माणसाने हे स्टेशन बहुधा झोपेतच मागे टाकलेलं असतं. हिंदी लेखक विनोद कुमार शुक्ल यांचा जन्म या गावातला, १ जानेवारी १९३७चा.

कवी आणि कादंबरीकार म्हणून शुक्ल यांचं नाव सगळ्या हिंदी जगाला ठाऊक आहे. १९९९चा साहित्य अकादमी पुरस्कार, २०२३मध्ये अमेरिकेतला पेन-नाबोकॉव्ह सन्मान आणि मग २०२४चं ज्ञानपीठ, छत्तीसगडमधल्या लेखकाला मिळालेलं पहिलंच. मला मात्र या यादीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटतं. सत्तरी ओलांडल्यावर, जेव्हा मोठे लेखक आत्मचरित्र लिहितात किंवा जुन्या भांडणांचे हिशेब चुकते करतात, तेव्हा हा माणूस मुलांसाठी लिहायला बसला आणि शेवटपर्यंत लिहीत राहिला.

हे कसं घडलं असेल? उत्तराचा पहिला धागा चक्क मराठी घरातून येतो. १९५८मध्ये कवी गजानन माधव मुक्तिबोध राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आले. घरची भाषा मराठी. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहायचे आणि गजाननराव हिंदीत. विशीतल्या विनोदने त्यांना आपल्या कविता दाखवल्या. मुक्तिबोधांनी त्या श्रीकांत वर्मा यांच्या ‘कृति’ या नियतकालिकाकडे पाठवल्या आणि त्या छापून आल्या. यातली गंमत अशी, की मुक्तिबोधांची स्वतःची कविता म्हणजे अंधार, भुयारं, पाठलाग, लांबच लांब दुःस्वप्नं. अशा कवीने ज्याला हात दिला, तो मुलगा पुढे हिंदीतली सर्वांत साधी दिसणारी वाक्यं लिहिणार होता. स्वतःसारखे शिष्य सगळ्यांनाच आवडतात. आपल्यापेक्षा अगदी वेगळा आवाज ओळखायला दुसराच कान लागतो.

शुक्ल जबलपूरला शेतकी शिकले आणि रायपूरला शेतकीच शिकवत राहिले. हिंदीच्या प्राध्यापकीचं वारं न लागणं त्यांच्या भाषेला मानवलं असावं, असा माझा आपला तर्क. १९७९ची ‘नौकर की कमीज़’ ही पहिली कादंबरी; तिच्यावर मणी कौल यांनी १९९९मध्ये चित्रपट केला. पण मुलांच्या पुस्तकांची खरी चाहूल लागते ती ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ या कादंबरीमध्ये. रघुवर प्रसाद हा लहान गावातला गणिताचा प्राध्यापक. एका खोलीचं भाड्याचं घर, नवी नवरी सोनसी, तुटपुंजा पगार. कॉलेजला जायला वाहन मिळेना, तर एक साधू आपल्या हत्तीवरून त्याला सोडायला लागतो. आणि घरात एक खिडकी. तिच्यातून नवरा-बायको पलीकडे उतरतात. तिथे तळं आहे, झाडं आहेत, चहा देणारी एक म्हातारी आहे. लेखक याचं स्पष्टीकरण देत नाही. हे स्वप्न आहे असंही सांगत नाही आणि जादू आहे असंही नाही. खिडकी आहे, तिच्यातून जाता येतं, बस्स.

असं कोण बोलतं? पाच वर्षांचं मूल बोलतं. रशियन बालसाहित्यिक कोर्नेय चुकोव्स्की यांनी लहान मुलांची वाक्यं वर्षानुवर्षं टिपून ठेवली आणि त्यावर ‘दोन ते पाच’ हे पुस्तक केलं. त्यांच्या लक्षात आलं, की मूल मोठ्यांचे वाक्प्रचार शब्दशः घेतं. मोठ्यांना ज्याच्यात आता काहीच दिसत नाही, त्या झिजलेल्या शब्दात मुलाला सगळं चित्र दिसतं. आपल्याकडे ‘तिच्या डोक्यावर बसलाय’ म्हटलं, की घरातलं शेंडेफळ खरोखर आजीच्या डोक्याकडे बघतं. चुकोव्स्की याला अज्ञान मानत नाहीत. भाषा कशी चालते याचा तपास मूल असा करतं, असं त्यांचं म्हणणं. तो तपास आपण शाळेत शिरल्यावर सोडून देतो.

शुक्ल यांनी तो सोडला नाही. त्यांची वाक्यं घ्यायची आणि तपासायची: शब्द सगळे घर, झाड, आकाश, रस्ता, भिंत या इयत्तेतले. उपमा कमी. एखादी गोष्ट सांगायची, मग तिचीच उलटी बाजू त्याच शब्दांत सांगायची, आणि तिसऱ्या वेळी तेच शब्द भलतीकडे नेऊन ठेवायचे. वाचताना आधी वाटतं, हे तर कुणीही लिहील. मग वही घेऊन बसलं की कळतं, दोन ओळींनंतर आपण एक तर शहाणपण सांगायला लागतो, नाही तर बोबडं बोलायला लागतो. लहान मुलांसाठी लिहिणाऱ्या बहुतेकांचा घात या दोन खड्ड्यांतच होतो.

२०११मध्ये त्यांची ‘हरी घास की छप्पर वाली झोपड़ी और बौना पहाड़’ ही किशोर कादंबरी आली. नावातच झोपडी, हिरवं छप्पर आणि बुटका डोंगर. अशा लांबलचक नावाला मोठ्यांच्या कादंबरीत कुणी आक्षेप घेतला असता. हिच्यात बोलू नावाचा मुलगा आहे. तो चालत असेल तरच बोलतो. थांबला की गप्प. एवढा एक नियम. आता त्यातून काय काय निघतं बघा: त्याच्याशी गप्पा मारायच्या तर बरोबर चालावं लागणार. वर्गात बाकावर बसवलेल्या बोलूने उत्तर द्यायचं कसं, हा प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि शाळा हा काय प्रकार आहे हेही न सांगता कळतं. एखाद्या वैज्ञानिकाने एकच गृहीतक बदलून सगळं विश्व पुन्हा मांडून बघावं, तसं हे चाललेलं असतं. सत्ती खन्ना यांनी या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद केला आहे.

पुढे भोपाळच्या मुलांच्या नियतकालिकांनी त्यांना भरपूर लिहितं ठेवलं. एकलव्य संस्थेचं ‘चकमक’ १९८५पासून चालू आहे. नंतर इकतारा संस्थेची ‘साइकिल’ आणि ‘प्लूटो’ आली. ज्याची कविता विद्यापीठांत अभ्यासली जाते, असा कवी चित्रांच्या शेजारी छापून यायला राजी होता, आणि त्याला त्यात कमीपणा आल्यासारखं वाटत नव्हतं, हे मला विशेष वाटतं.

असा उशिरा वळलेला तो एकटाच नव्हे. यिद्दिश कथाकार आयझॅक सिंगर यांनी मुलांसाठीचं पहिलं पुस्तक केलं ते साठी गाठल्यावर, १९६६मध्ये. रवींद्रनाथांचं ‘से’ हे मुलांसाठीचं अफलातून, अर्थाला फाटा देणारं पुस्तक १९३७चं, म्हणजे शुक्ल जन्मले त्याच वर्षीचं. तेव्हा रवींद्रनाथ शहात्तर वर्षांचे. आपल्याकडे जी. ए. कुलकर्णी घ्या. नियतीच्या वरवंट्याखाली माणसं भरडणाऱ्या या कथाकाराने मुलांसाठी ‘बखर बिम्मची’ लिहिली, आणि बिम्म वाचून झाल्यावर त्यांच्या काळोख्या कथांतलेही पक्षी, रंग, प्राणी वेगळे दिसायला लागतात. शुक्ल यांच्या बाबतीतही उलट्या दिशेने वाचलं तर सगळं जुळतं: आधी बोलू भेटावा, मग रघुवर प्रसादचा हत्ती.

२३ डिसेंबर २०२५ रोजी रायपूरला ते गेले. एकोणनव्वदावा वाढदिवस जेमतेम नऊ दिवसांवर होता.

भिलाई-दुर्गकडच्या मराठी घरांतल्या मुलांना इथे एक फायदा आहे, जो पुण्या-मुंबईच्या मुलांना सहज मिळत नाही. शाळा आणि गल्ली हिंदीत असल्यामुळे ही पुस्तकं त्यांना मूळ भाषेतच वाचता येतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातात बोलूची कादंबरी द्यावी आणि ‘यातून काय शिकलास?’ हा प्रश्न कटाक्षाने टाळावा. त्याला काही सांगायचंच असलं, तर चपला घालून त्याच्याबरोबर बाहेर पडावं.