चिमणीची ओढ

ऑगस्ट 1785. फ्रान्समधली वकिली आटोपून बेंजामिन फ्रँकलिन जहाजाने फिलाडेल्फियाला परत निघाला होता. वय 79, मुतखड्याने बेजार. समुद्रावरच्या त्या सक्तीच्या निवांतपणात त्याने व्हिएन्नाच्या दरबारातले वैद्य यान इंगेनहाउस यांना एक लांबलचक पत्र लिहिलं. विषय राजकारणाचा नव्हता. चिमण्या घरात धूर का सोडतात, याची नऊ कारणं आणि त्यांवरचे उपाय त्यात होते.

पहिलंच कारण असं, की घर नवं आहे, सुताराने दारं-खिडक्या चोख बसवल्या आहेत आणि आत हवा यायला फटच उरलेली नाही. चिमणीतून जेवढा धूर वर जायचा तेवढी हवा खालून आत यायला हवी. ती नसेल तर धूर खोलीतच फिरणार. आज अमेरिकेत किंवा कॅनडात लाकडाच्या शेगडीची तक्रार आली, की जाणता कारागीरही आधी शेजारची खिडकी बोटभर उघडून बघतो. धूर थांबला, तर शेगडी निर्दोष. अशा वेळी अनेकदा स्वयंपाकघरातला पंखा खोलीतली हवा बाहेर फेकत असतो आणि ती भरून काढायला चिमणीतूनच उलटी हवा खाली येते. पंखे फ्रँकलिनच्या काळात नव्हते, पण एका खोलीतली जोरकस आग दुसऱ्या खोलीतल्या चिमणीवर मात करते, हे त्याच्या यादीत आहे.

शेगडी धूर ढकलत नाही, चिमणी तो ओढते. गरम हवा हलकी, बाहेरची गार हवा जड. या फरकाला उंचीने गुणलं की ओढ मिळते. बाहेर शून्य अंश, आत सरासरी 200 अंश आणि चिमणी पाच मीटर असेल, तर हिशेबाने ओढ येते सुमारे 27 पास्कल. वातावरणाच्या दाबाचा हा जेमतेम चार हजारावा भाग. एवढ्याशा बळावर सगळा कारभार चालतो, म्हणून तो बारीकसारीक कारणांनी बिघडतो.

त्यातलं सर्वांत मोठं कारण थंडी. चिमणी भिंतीबाहेरून नेलेली असेल तर ती रात्रभर गारठते, आणि सकाळी काडी लावली की धूर तोंडावर येतो. आपल्याकडचा तांब्याचा बंब ज्यांनी पेटवला आहे त्यांना हे सांगायला नको: गार पाणी नुकतंच भरलेलं असताना मधली नळी धूर ओढतच नाही, पाणी कोमट झालं की ज्वाळ सरळ होते. तिकडचे लोक नळीच्या तोंडाशी आधी वर्तमानपत्राचे बोळे जाळतात, ते त्यासाठीच.

याहून फसवी गोष्ट म्हणजे घर स्वतःच चिमणी होतं. आतली ऊबदार हवा माडीवरच्या फटींतून निसटते आणि खालच्या मजल्यावर ओढ निर्माण करते. बुटकी, बाहेरची, गार चिमणी आणि उंच, गरम घर अशी झुंज लागली तर घर जिंकतं. शेगडी विझलेली असताना खोलीत काजळीचा वास येतो तो यामुळे. अशा वेळी माडीवरची खिडकी उघडणं म्हणजे शत्रूला कुमक पाठवणं. उघडायची तर खालची.

जुन्या दगडी चुलाण्याच्या धुराड्याला नवी शेगडी जोडणारेही फसतात. शेगडीची नळी सहा इंच व्यासाची, म्हणजे 28 चौरस इंचांची. जुनं धुराडं बारा बाय बाराचं, म्हणजे 144 चौरस इंचांचं. पाचपट जागा मिळाल्यावर धूर रेंगाळतो, गार होतो, भिंतीला डांबरासारखा चिकटतो. त्यावर उपाय एकच, आत बेताच्या व्यासाची स्टीलची नळी सोडणं. खर्चाचं आहे, पण टाळू नये. साठलेलं डांबर पेटलं तर छप्पर जातं. चिमणीच्या उंचीचा अमेरिका-कॅनडातला नियम असा: ती छपरातून निघते तिथून किमान तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत जे काही असेल त्याहून दोन फूट उंच. बाकी ओलं लाकूड, चिमणीच्या टोपीच्या जाळीवर बसलेली काजळी, नळीतले काटकोनी वळसे हे नेहमीचे संशयित. लाकडात ओल वीस टक्क्यांच्या आत हवी; ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मं पाणीही असू शकतं.

गंमत म्हणजे फ्रँकलिनची स्वतःची शेगडी कमी ओढीच्या याच दुखण्याने आजारी होती. 1740च्या दशकात त्याने बनवलेल्या पेनसिल्व्हेनिया शेगडीत उष्णता वाचवण्यासाठी धूर आधी खाली उतरवून, जमिनीखालून वळवून मग चिमणीत सोडला होता. पेटंट देऊ केलं असता त्याने नाकारलं, हा मोठेपणा. पण गार धुराला खाली उतरवणं ही जबरदस्तीच होती. पुढे त्याच्या नावाने खपलेल्या शेगड्यांत तो उतारच गाळलेला होता.

1980च्या दशकात सुरू होऊन 2002मध्ये बंद झालेल्या आपल्या सरकारी सुधारित चुलींच्या कार्यक्रमातही नजर चुलीवरच होती. लाकूड किती वाचतं याचा हिशेब चोख, पण धुराड्याकडे फारसं लक्ष नाही. खरं तर इथे काम अधिक अवघड. बाहेर तीस अंश, धूर नव्वद अंशांचा, पाइप अडीच मीटर. ओढ जेमतेम पाच पास्कल. थोडी काजळी साचली किंवा पावसाळी सरपणाने धूर आणखी गार झाला, की ती संपते. मग घरची बाई फुंकणी घेते, आणि धूर चुलीच्या तोंडातून बाहेर येतो. पाइप झाडून घ्यायला काठीच्या टोकाला बांधलेलं फडकंही पुरतं, मात्र छपरावर चढावं लागतं.